नेब्रास्कातली मोजणीची साखळी

मित्रांनो, मी मोजणीची एक जुनी साखळी आहे. लांबी सहासष्ट फूट, कड्या शंभर, दोन्ही टोकांना पितळी मुठी. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका लहानशा काउंटीत गव्हाची शेतं मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

तेव्हा सरकार गव्हाला आधारभाव देत असे, पण एक अट होती. ज्याला जेवढे एकर नेमून दिले, तेवढ्यातच त्याने गहू पेरायचा. जास्त पेरला तर तेवढा नांगरून मोडायचा, नाहीतर भाव गेला. म्हणून दर वसंतात मोजणी होई. माझी एक मूठ मोजणीदार व्लास्ता हिच्या हातात असे आणि दुसरी ज्याचं शेत त्याच्याच हातात. त्यामुळे नंतर कोणी कुरकुर करत नसे.

एका वर्षी व्लास्ताच्या थोरल्या भावाच्या, बोहूमिलच्या, शेताची पाळी आली. बोहूमिल गावच्या शेतकरी समितीचा अध्यक्ष होता. त्याला पन्नास एकर नेमले होते. मोजले तर बावन्न भरले.

"तुझ्या साखळीचंच काहीतरी बिघडलंय," बोहूमिल म्हणाला. "म्हातारी आखडली असेल."

"दादा, साखळी आखडत नाही."

"मग चल कचेरीत. तिथल्या खुणांवर लावून बघू. खोटी निघाली तर ही मोजणी रद्द."

"चालेल," व्लास्ता म्हणाली. "पण खरी निघाली तर नांगर तू स्वतः धरायचा."

कचेरीच्या दगडी पायरीजवळ पितळेच्या दोन खुणा होत्या, एकमेकींपासून बरोबर सहासष्ट फुटांवर. दोघांनी मला ताणून धरलं. माझं टोक खुणेच्या पुढे चार बोटं गेलं. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने माझ्या कड्या सैल झाल्या होत्या, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

बोहूमिलचा चेहरा उजळला. "बघ, खोटी निघाली की नाही!"

"निघाली," व्लास्ता शांतपणे म्हणाली. "पण ही आखडली नाही, लांबलीय. लांब साखळीने शेत कमी भरतं, दादा. तुझं शेत बावन्नाच्याही वर, जवळजवळ अर्धा एकर जास्त आहे."

बोहूमिल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि पायरीवर बसला.

व्लास्ता मात्र हसली नाही. त्या आठवड्यात तिने माझ्याच भरवशावर अकरा शेतं मोजली होती. ती सगळी खरी असतील त्याहून कमी भरली होती. तिने ते समितीला स्वतःहून सांगितलं. एक जण म्हणाला, "गप्प राहिलीस तर कोणाला कळणार आहे?" ती म्हणाली, "मला कळलंय ना."

लोहाराने माझ्या कड्या एकेक करून ठोकून जुळवल्या. त्या घावांनी मी कळवळले, पण पुन्हा खुणेवर नेमकी बसले तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. बोहूमिलने अडीच एकर हिरवा गहू स्वतःच्या हाताने नांगरला. बांधावर माणसं उभी होती, पण त्याने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तो खसखस भरलेले गोड पाव घेऊन बहिणीच्या दारात आला.

"अकरा शेतं पुन्हा मोजायचीत ना? दुसरी मूठ मी धरतो. माझ्या शेताचं ऐकल्यावर कोणी वाद घालायचा नाही."

आणि खरंच कोणी घातला नाही. तिघांचे थोडे एकर जास्त निघाले. त्यांनी तेवढा गहू मोडला. अकराही जणांना आधारभाव मिळाला.

पुढे विमानातून फोटो काढून शेतं मोजू लागले आणि मी गोठ्यातल्या खिळ्याला टांगली गेले. आता अंगावर गंज चढलाय. तरी खंत नाही. दुरुस्तीनंतर मी केलेली मोजणी पक्की होती.

मित्रांनो, तराजू असो की फूटपट्टी, काम झाल्यावर पुसून ठेवा, तेलाचं बोट फिरवा. आपण बिघडलोय हे मापाला सांगता येत नाही, म्हणून मधूनमधून त्याची परीक्षा घ्या. चूक निघाली तर लपवू नका आणि त्याला फेकूनही देऊ नका. दुरुस्त करा आणि पुन्हा शेतात न्या.