बर्फावरचे बटण

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी घाबरट आहे. सुरू होताना माझ्या अंगातून थडथड आवाज येतो. लोक त्याला जुन्या यंत्राची कुरकुर म्हणतात. मला विचाराल तर ती भीती आहे.

मी जन्माने घाबरट नव्हतो. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. दाराचे रबर इतके घट्ट होते, की मध्ये कागद धरून दार लावले तर तो ओढून निघत नसे. एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरात मला मानाची जागा मिळाली. पाहुणे आले की माझे दार उघडून दाखवत. माझ्या पोटात दूध, लोणी, फळे आणि कालची भाजी असे. काम सोपे होते, कारण या सगळ्या वस्तू बिघडल्या तर तसे सांगतात. दूध फाटते. भाजीला वास येतो. मग कोणीतरी नाक मुरडून ते फेकून देते आणि विषय संपतो.

पुढे माझ्या दाराची मूठ तुटली, कडेला पोचा आला, रबर सैल पडले. घरात नवा फ्रीज आला. "मुक्या जनावरांच्या दवाखान्याला देऊन टाकू. त्यांना काय, गार झाल्याशी कारण," असे म्हणत घरातल्या काकूंनी मला पुसले आणि टेम्पोत चढवले.

असा मी इथे आलो. रस्त्यावरची जखमी, आजारी, टाकून दिलेली जनावरे इथे आणतात. पुढे तपासणीची खोली, मागे पिंजऱ्यांची रांग. फिनेल आणि ओले केस यांचा मिळून एक वास इथे कायम असतो. दिवसभर भुंकणे चालते. सुरुवातीला मला त्या भुंकण्याची भीती वाटे. मग कळले, की भुंकणाऱ्याची काळजी करायची नसते. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड घालून जो गप्प बसतो, त्याची करायची असते.

माझ्या दाराला मूठ नव्हती, म्हणून जनावरे आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने तिथे कुत्र्याच्या गळ्यातला एक जुना पट्टा बांधला. "बघा मावशी, आता हा पळून जायचा नाही," तो म्हणाला. माझे 'थंडोबा' हे नावही त्यानेच ठेवले.

मावशी म्हणजे इथे पिंजरे धुणारी, जनावरांना भरवणारी बाई. मागच्या खोलीत ती आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहते. ती खोली तिला कामाबरोबर मिळालेली आहे. काम गेले तर खोलीही जाणार, हे तिला माहीत आहे, आणि बोलता बोलता ती मलाही ते पुष्कळदा सांगते.

पहिल्याच दिवशी थोरल्या डॉक्टरांनी माझ्या पोटात लशीच्या छोट्या छोट्या बाटल्या मांडल्या. कुत्री पिसाळू नयेत म्हणून द्यायची ती लस. त्यांनी भाजीचा ट्रे काढून तिथे पाण्याच्या बाटल्या उभ्या केल्या, म्हणजे आतला गारवा टिकतो. मावशी शेजारी फरशी पुसत होती.

"मावशी, ही लस ऊब लागली तरी मरते आणि गोठली तरी मरते," ते म्हणाले.

"अगं बाई! भारीच नाजूक. आणि मेली तर कळायचं कसं?"

"कळत नाही. तशीच दिसते. रंग नाही बदलत, वास नाही येत. आपण टोचतो, कुत्रा शेपूट हलवत निघून जातो, आणि आपल्याला वाटतं काम झालं."

मित्रांनो, त्या क्षणापासून मी घाबरट झालो. आपल्या पोटात एखादी गोष्ट मरेल, आणि ती जिवंत आहे असे समजून लोक ती घेऊन जातील. मला कळेल आणि मला सांगता येणार नाही. याहून वाईट काय असू शकते?

माझी भीती डॉक्टरांना कळली होती की काय कोण जाणे. त्यांनी एका स्टीलच्या वाटीत पाणी भरून ती वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. पाणी गोठल्यावर आपल्या जुन्या कोटाचे जाड पितळी बटण त्यांनी त्या बर्फावर मधोमध ठेवले.

"हा माझा पहारेकरी," ते म्हणाले. "आपण नसताना हा फ्रीज पुष्कळ वेळ बंद पडला, तर बर्फ वितळेल आणि बटण तळाला जाईल. वीज आल्यावर पाणी पुन्हा गोठेल, पण बटण काही वर येणार नाही. मावशी, बटण बुडालं की लस मेली असंच धरायचं. मला घरून उठवून आणायचं."

"डॉक्टरांनी बटणाचं आइस्क्रीम लावलंय," ड्रायव्हर म्हणाला. सगळे हसले. मी हसलो नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा एक जीभ मिळाली होती.

थोरले डॉक्टर म्हातारे होऊन घरी बसले. त्यांच्या जागी डॉक्टरीणबाई आल्या. हुशार, कामाला वाघीण, बोलायला थोड्या करड्या. वाटीचे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. मावशी मात्र माझा साठलेला बर्फ काढताना दर वेळी नवे पाणी गोठवून बटण वर ठेवी. बटण कधी बुडालेच नाही, त्यामुळे ते का ठेवायचे हे तिच्याही डोक्यातून पुसट झाले होते. थोरले डॉक्टर ठेवत, म्हणून ठेवायचे.

एकदा ड्रायव्हरने फोन चार्ज करायला माझा प्लग काढला. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात पाहिले, म्हणून निभावले. त्यांनी प्लगवर लाल चिकटपट्टी लावली आणि सगळ्यांना समोर उभे केले.

"या प्लगला जो हात लावेल, त्यानं दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही. कोण आहे, का केलं, मी काहीएक ऐकून घेणार नाही."

मला तेव्हा फार बरे वाटले. आपल्याला कोणी हात लावणार नाही, या विचारात मी निर्धास्त झालो. ती माझी समजूत चुकीची होती.

मग ते वादळ आले. सुट्टीचा दिवस होता. डॉक्टरीणबाई बाहेरगावी होत्या, आणि झाडे पडून रस्ता बंद झाला होता. मागच्या खोल्यांत पाणी शिरून तिकडची वीज गेली. वायरचा लांब बोर्ड पाण्यात पडून जळाला. साऱ्या इमारतीत एकच सॉकेट चालू राहिले, ते माझे.

सकाळीच ड्रायव्हर एक खोके घेऊन आत आला. "मावशी, नाल्याच्या पाइपात होती. आई कुठे दिसली नाही. मी पळतो, अजून दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय."

खोक्यात कुत्र्याची पाच पिल्ले होती. डोळेही न उघडलेली, चिखलाने माखलेली. ती रडत नव्हती. गप्प बसणाऱ्याची काळजी करायची, हे मी मघाशी सांगितले आहेच.

मावशीने त्यांना पुसले, पदरात घेतले, गरम पाण्याच्या बाटल्या करून खोक्यात ठेवल्या. बाटल्या निवत, ती पुन्हा पाणी तापवी. इतक्या गार पिल्लांना दूधही पाजता येत नाही. पोटात ते पचत नाही, आधी ऊब द्यावी लागते. कोपऱ्यात उबेचा दिवा होता, पण तो लावायचा कुठे? तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. लागला नाही. पुन्हा केला. तिच्या तळहातावर एका पिल्लाची मान लुळी पडली, तेव्हा तिने मान वर करून माझ्या लाल चिकटपट्टीकडे पाहिले.

"थोडाच वेळ रे थंडोबा," ती म्हणाली. "जरा धुगधुगी आली की लगेच लावते."

आणि तिने प्लग काढला.

मित्रांनो, फ्रीज बंद पडतो तेव्हा आधी काहीच होत नाही. नुसती शांतता असते. बाहेर पिल्लांवर दिव्याचा पिवळा उजेड पडला होता. खोके माझ्या अगदी शेजारी होते, आणि पिल्लांना मिळत होती तीच ऊब माझ्या पोचा आलेल्या कडेतून आत झिरपत होती. थोड्या वेळाने पहिले पिल्लू कुईं करून रडले. मावशी रडत रडत हसली. तिने थेंब थेंब दूध पाजायला घेतले. आदल्या रात्रीपासून ती वादळात पिंजरे हलवत होती. खोक्यावर हात ठेवून बसल्या बसल्या तिला गाढ झोप लागली.

मी जागा होतो. दुपारी उकडायला लागले. सैल रबरातून गारवा निसटत होता. माझ्या आतल्या भिंतींना पाणी सुटले. वाटीतला बर्फ कडेपासून सुटा झाला आणि तरंगू लागला, त्यावर बटण होडीत बसल्यासारखे बसले होते. उठ, मावशी, उठ. मी ओरडलो असतो, पण माझा आवाज त्या प्लगबरोबर गेला होता. बर्फाचा तुकडा कलला. बटण घसरले आणि टण् करून तळाला गेले. तो आवाज ऐकणारा मी एकटाच होतो.

दिवेलागणीला मावशी दचकून उठली आणि तिने घाईने प्लग लावला. माझ्याखाली पाणी साचले होते. वादळाचे समजून तिने ते पुसून घेतले. मग दार उघडून एका बाटलीला बोट लावले. "गारच आहे की! उगीच भ्यायलास," ती मला म्हणाली, आणि तिने चिकटपट्टी होती तशी परत चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता मोकळा होऊन डॉक्टरीणबाई परतल्या होत्या आणि अंगणात गाडी उभी होती. शाळेमागच्या गल्लीत एक कुत्रा पिसाळून मेला होता. मरण्याआधी तो कुणाकुणाला चावला, ते कुणालाच माहीत नव्हते. त्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना आज लस टोचायची होती. ती कुत्री शाळेच्या फाटकापाशी बसतात आणि मुले त्यांना आपल्या डब्यातले भरवतात. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा डोक्यात गेला, की जनावर वाचत नाही आणि माणूसही वाचत नाही. सगळी भिस्त माझ्या पोटातल्या बाटल्यांवर होती. डॉक्टरीणबाई त्या भराभर थंड पेटीत ठेवत होत्या, आणि मी जिवाच्या आकांताने थडथडत होतो.

"याचा आवाज वाढलाय," त्या म्हणाल्या. "मावशी, वरचे बर्फाचे पॅक घेऊन या." त्या पेटी उचलून बाहेर गेल्या.

मावशीने वरचा कप्पा उघडला. पॅक वेडेवाकडे गोठले होते. तिने वाटी पाहिली. वरती नुसता सपाट, स्वच्छ बर्फ. तिने वाटी उजेडात धरली. तळाशी बटण होते.

तिचा चेहरा उतरला. इतकी वर्षे पुसट झालेले सगळे तिला एकदम आठवले असावे. तिने एकदा बाहेर पाहिले. मग कोपऱ्यातल्या शेगडीकडे पाहिले. तिथे पिल्लांसाठी गरम पाण्याचे पातेले होते. वाटी त्यात धरली असती, तर बटण हातात आले असते. ते तिने खिशात टाकले असते, तर कुणाला काही कळले नसते.

ती शेगडीपाशी गेली.

"थंडोबा," ती अगदी हळू म्हणाली, "आईला घेऊन कुठं जाऊ रे मी?"

मला सांगावेसे वाटते, की तेव्हा मी काहीतरी केले. पण मी काहीच केले नाही. माझी एकुलती एक जीभ तिच्या हातात होती आणि तो हात वाफेवर होता. खोक्यातली पिल्ले भुकेने ओरडू लागली. तिने त्यांच्याकडे पाहिले. यांनाही पुढे याच बाटल्यांतली लस टोचायची होती. बाहेर ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

ती वाटी घेऊन बाहेर गेली. खोलीचे दार उघडेच होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"हे काय? पॅक कुठे आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"बाई, बटण बुडालंय."

"कसलं बटण?"

मावशीने सगळे सांगितले. वाटी, थोरले डॉक्टर, बर्फ. डॉक्टरीणबाईंनी हातातली पेटी खाली ठेवली.

"प्लग कोणी काढला?"

"मी काढला असेन, बाई," ड्रायव्हर मध्येच म्हणाला. "ते चार्जिंगला..."

"गप रे!" मावशी म्हणाली. "तुझ्या फोनला काय पाच पिल्लं झाली होती? मी काढला, बाई. ती गारठून मरत होती. झोप लागली मला."

मग ड्रायव्हर चाचरत म्हणाला, "बाटल्या गारच आहेत पण. चांगली असेल कदाचित."

"असेलही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण 'कदाचित' मी सुईत भरत नाही. नवी लस मिळेपर्यंत कुणालाही टोचायचं नाही. तोवर शाळेला कळवा, मुलांना कुत्र्यांपासून लांब ठेवा."

नवी लस दुसऱ्या दवाखान्यातून आणावी लागली. ती येईपर्यंत गल्लीतला एकेक कुत्रा दिसतो का, लाळ गाळतो का, हे मावशी आणि ड्रायव्हर पाळीपाळीने बघून येत होते. तो काळ आम्ही सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढला. मग लस आली आणि टोचून झाली. पाचांतले सर्वांत बारके पिल्लू मात्र वाचले नाही. ऊब मिळूनही ते वाचले नाही.

पण त्याआधी, बटण सापडले त्याच संध्याकाळी, मावशी सामानाची पिशवी भरून माझ्यापाशी उभी होती. डॉक्टरीणबाई आल्या, पिशवीकडे पाहिले आणि तिथल्या स्टुलावर बसल्या.

"मी तुम्हाला दम दिला," त्या म्हणाल्या, "पण दुसरं सॉकेट दिलं नाही. आणि काहीएक ऐकणार नाही म्हणाले होते. तुम्ही ते खरं मानलं असतंत, तर आज मी शाळेच्या दारात नुसतं पाणी टोचून आले असते." मग त्यांनी रिकामी वाटी पुढे केली. "बटण नेमकं कुठे असायचं?"

"मधोमध," मावशी म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवून ती पाणी आणायला गेली.

आता भिंतीवर उबेच्या दिव्यासाठी वेगळे सॉकेट आहे. माझ्या प्लगवरची लाल पट्टी अजून आहे, पण आता तिच्याखाली डॉक्टरीणबाईंनी लिहिले आहे, 'काढावाच लागला तर आधी बाटल्या थंड पेटीत ठेवा, आणि मला सांगा.'

मित्रांनो, तुमच्या हातून चूक झाली आणि वरून सगळे जसेच्या तसे दिसत असले, तर भीती वाटेल. वाटू द्या. मलाही रोज वाटते. पण हातात वाटी घेऊन शेगडीपाशी फार वेळ उभे राहू नका. बाहेर जा आणि सांगा. आणि कोणी तुम्हाला सांगायला आले, तर आधी ऐकून घ्या.

कधी इथे आलात तर पिल्लांसाठी जुने टॉवेल आणा, ते कायम कमी पडतात. माझा वरचा कप्पाही उघडून पाहा. बटण वर असेल. पण पाहून झाले की दार लगेच लावा. मी घाबरट आहे.