उलटी घातलेली जर्सी

मित्रांनो, मी एक जुनी, हिरवी, लोकरीची जर्सी आहे. सुभेदार तात्यांच्या अंगावर मी सतरा हिवाळे सीमेवर काढले. ते निवृत्त होऊन साताऱ्याजवळच्या गावी परतले आणि मी डांबरगोळ्यांबरोबर ट्रंकेत जाऊन पडले.

मला बाहेर काढलं त्यांच्या नातीनं, मयूरीनं. तात्या शाळेतल्या पोरांना लेझीम शिकवत. पण त्यांचा उजवा खांदा झिजला होता आणि सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर हात डोक्यावर जाईलच, असं डॉक्टर सांगेनात. म्हणून त्याआधी तात्यांचे लेझमीचे बाराही प्रकार टिपून ठेवायचे, असं मयूरीनं मनावर घेतलं. माझ्या दोन्ही बाह्यांना खांदा, कोपर आणि मनगटापाशी तिनं हालचाल ओळखणारे चिमुकले सेन्सर गरम गोंदानं चिकटवले, वायरी आतून टाचल्या. मला घालून हात हलवला की कॉम्प्युटरवर काड्यांचा एक माणूस तस्साच हात हलवी. म्हातारपणी पुन्हा नोकरी लागली म्हणून मी फुशारले होते.

रविवारी सकाळी घात झाला. चुरगळलेला कपडा तात्यांच्या अंगाला कसा चालेल? त्यांनी मला टेबलावर पसरलं, ओलं फडकं टाकलं आणि डाव्या बाहीवर कडक इस्त्री फिरवली. गोंद वितळला, तिन्ही सेन्सर गेले. मयूरी धावत आली म्हणून उजवी बाही तेवढी वाचली.

“बिनइस्त्रीचं कवा अंगात घातलं न्हाई गं,” तात्या पुटपुटले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

नवे सेन्सर यायला आठवडा लागणार होता. मयूरीनं माझी वाचलेली बाही उचलून उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, “तात्या, आधी अशीच घाला. मग पाठ पुढं करून उलटी घाला, म्हणजे उजवी बाही डाव्या हातात येईल. पण सगळं दोनदा करायला लागंल.”

परेडला एक बटण सुटलं तरी जवानाला मैदानभर पळवणारा हा माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“दोनदा तर दोनदा. आण हिकडं.”

दुखऱ्या खांद्यानं त्यांनी बाराही प्रकार दोनदा केले आणि मयूरीनं दोन्ही वेळचे हात कॉम्प्युटरवरच्या त्या एकाच माणसाला जोडले. त्यांच्या घामानं मी चिंब झाले. फार दिवसांनी मला बरं वाटलं.

आता तात्यांचा हात खांद्यापर्यंतच जातो. शाळेत पडद्यावरचा काड्यांचा माणूस लेझीम डोक्यावर नेतो आणि तात्या खुर्चीतून पोरांना सांगतात, “त्याच्यावानी करा. त्यो मीच हाय.”

मित्रांनो, मला इस्त्री तेवढी करू नका. आणि तुमच्या घरी कुणाचा हात अजून डोक्यावर जात असेल, तर त्याच्याकडून शिकायला रविवारची वाट पाहू नका.