परवाची तारीख

“न्यायाधीशांना खुर्चीतच डुलकी लागली, तर त्यांना उठवायचं काम कुणाचं?”

पहिल्याच दिवशी, भरल्या सभागृहात, हात वर करून शिट्टीने हा प्रश्न विचारला आणि ऐटीत खाली बसली. मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारून दाखव, नाहीतर वर्षभर आमची दप्तरं उचल, असं त्या म्हणाल्या होत्या. दीड वर्षापूर्वी हीच मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही बाकाखाली बघायची. मग एका वादविवाद स्पर्धेत कुणीतरी आजारी पडलं, हिला ऐनवेळी उभं केलं, आणि बाटलीचं बूच उडावं तसा हिचा आवाज फुटला तो फुटलाच. तेव्हापासून तिचं नाव शिट्टी. आता आईबाबाही कधीकधी विसरून त्याच नावाने हाक मारत.

शाळेतली अकरा मुलं सुट्टीत सहा आठवडे कोर्टाच्या कार्यालयात काम शिकायला आली होती. समोर बोलत होते ते कार्यालयाचे अधीक्षक, एकतीस वर्षं नोकरी झालेले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत म्हणाले, “जिला एवढं बोलता येतं, तिला खिडकीवर बसवा.”

म्हणून बाकीची दहा जणं रेकॉर्डच्या खोलीत गठ्ठ्यांवरची धूळ झटकायला गेली आणि शिट्टी चौकशीच्या खिडकीमागे बसली. बाबांनी त्याच संध्याकाळी इमारतीतल्या निम्म्या लोकांना सांगून टाकलं की आमची कोर्टात लागली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे माणसं आयतीच दोन मिनिटं त्यांच्याबरोबर अडकायची आणि त्यांना ऐकून घ्यावंच लागायचं.

खिडकी म्हणजे जाड काच आणि त्या काचेला बशीएवढं भोक. भोक बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर होतं, उभ्या माणसाच्या पोटासमोर. बाहेरच्याला वाकल्याशिवाय बोलता येत नसे. वाकलेली माणसं आपोआप हळू बोलतात, हे शिट्टीला दोन दिवसांत कळलं. आणि हळू बोलणाऱ्या माणसांसमोर आपला आवाज आणखीच खणखणीत वाटतो, हेही कळलं. ते तिला आवडलं.

खिडकीची खरी मालकीण होती ताई. कनिष्ठ लिपिक, कंत्राटावर. चार वर्षं परीक्षा देऊन देऊन शेवटी हे अकरा महिन्यांचं कंत्राट तिच्या हाती लागलं होतं आणि ते या महिनाअखेर संपत होतं. पुढे चालू राहणार की नाही, ते अधीक्षकांच्या एका शेऱ्यावर होतं. ताई त्यावरही विनोद करायची. माझी खुर्चीसुद्धा कंत्राटी आहे, म्हणायची, तिचा चौथा पाय कधी राजीनामा देईल सांगता येत नाही.

नियम असा होता की शिट्टीने फक्त खोली क्रमांक सांगायचे. तारखेची चिठ्ठी लिहायची ती ताईने, सही करून. पण दर दहा मिनिटांनी वरच्या मजल्यावरून ताईला टायपिंगसाठी बोलावणं यायचं आणि खाली रांग दारापर्यंत जायची. मग ताईने एक वाट काढली. रोज सकाळी ती पंचवीस कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवायची.

“मी वर असले तर तू लिही,” तिने सांगितलं होतं. “यादीत बघून लिहायचं. डोक्याने लिहायचं नाही.”

त्या दिवशी शिट्टीचे पाय जमिनीवर ठरेनात.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी एक बाई भोकाशी वाकल्या. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करणाऱ्या. बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली, जणू वयाने हातांपासून सुरुवात केली होती. त्यांचा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा. गोदामाच्या फाटकाशी हाणामारी झाली, त्यात हाही ओढला गेला, टेम्पो जप्त झाला आणि तो जामिनावर सुटून आता त्याच गोदामात हमाली करत होता. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मागे बारा माणसं उभी होती.

“तर बाळ, त्याचं ते परवाच्या तारखेचं बघ ना.”

शिट्टीने बघितलं. परवा म्हणजे सोमवार. तिने सोमवारची यादी ओढली, नावांवरून बोट फिरवलं आणि भाऊ सापडलाही. टेम्पो परत मिळण्याचा त्याचा अर्ज होता, तो पुढे ढकलून बावीस तारखेला ठेवला होता. तिने सही केलेली चिठ्ठी घेतली, त्यावर ‘पुढची तारीख २२’ असं ठसठशीत लिहिलं आणि भोकातून सरकवली.

“म्हणजे आता बावीसलाच यायचं?” बाईंनी विचारलं.

“हो मावशी, बावीसलाच.”

स्पर्धेत शेवटचं वाक्य बोलताना यायचा, अगदी तोच आवाज लागला होता. मावशी खूश झाल्या. भावाचा खाडा वाचला, म्हणाल्या. शिट्टीने पुढच्याला बोलावलं.

मावशी पुन्हा आल्या त्या पुढच्या सोमवारी. या वेळी वाकल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी काचेला लावून धरली, अक्षरं शिट्टीच्या बाजूला करून.

शुक्रवारी भावाचा मूळ खटला होता. तीन वेळा नाव पुकारलं. त्याचा वकील बाहेर येऊन फोनवर फोन लावत होता, पण गोदामात कामगारांचे फोन फाटकावर जमा असतात. न्यायाधीशांनी जामीन रद्द करून वॉरंट काढलं आणि शनिवारी सकाळी पोलिसांनी त्याला पोत्याखालूनच उचलला. आता तो बावीस तारखेपर्यंत आत. गोदामाच्या मुकादमाने त्याच दिवशी दुसरा माणूस घेतला होता.

“मी परवाचं विचारलं होतं,” मावशी म्हणाल्या.

शिट्टीने तोंड उघडलं, पण वाक्य नीट जुळेना. परवा होता ना, सोमवारी, अर्जाची तारीख होती, असं काहीतरी ती बोलली.

“येणारा परवा ग. गेलेल्या परवाला मी स्वतः इथे होते की. त्याची चौकशी कशाला करू?”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चिठ्ठीची नीट घडी करून ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि वकिलाला शोधायला गेल्या. मागचा माणूस भोकाशी वाकला आणि त्याने विचारलं, खोली क्रमांक सहा कुठे. शिट्टीने हाताने दाखवलं.

दुपारपर्यंत गोष्ट अधीक्षकांच्या टेबलावर पोचली होती. ताई आणि शिट्टी समोर उभ्या. मावशींच्या वकिलाने आणून दिलेली चिठ्ठी अधीक्षकांनी उलटीपालटी केली. सही कुणाची, म्हणाले. माझी, ताई म्हणाली. अक्षर कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. शिट्टी बोलायला गेली तर त्यांनी तिच्याकडे न बघता हात वर केला.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. अर्जाची पुढची तारीख बावीस आहे की नाही? आहे. चिठ्ठीवर बावीस लिहिलंय की नाही? लिहिलंय. मग कार्यालयाची चूक कुठे झाली? बाईंनी काय विचारलं होतं, याची नोंद कुठेच नाही. त्यांनी चिठ्ठी वकिलाला परत द्यायला म्हणून ताईकडे दिली आणि शिट्टीचं प्रमाणपत्र तयार आहे, शेरा उत्तम लिहिलाय, असंही सांगून टाकलं. एकतीस वर्षांत त्या माणसाने किती गोष्टी अशा घडी घालून ठेवल्या असतील, असं शिट्टीच्या मनात आलं.

भावाचा वकील जिन्याखाली भेटला. तोही नवाच होता, काळ्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तो म्हणाला, न्यायाधीशांपुढे उद्या सकाळी अर्ज ठेवतोय, पण नुसतं बहिणीचं म्हणणं कोण मानणार? आरोपीचे नातेवाईक असं रोज म्हणतात. बाईंनी येणाऱ्या तारखेबद्दल विचारलं होतं आणि उत्तर मात्र भलत्याच तारखेचं मिळालं, हे खिडकीमागच्या माणसाने लिहून दिलं, तर वॉरंट उद्याच रद्द होऊ शकतं. खिडकीमागचं माणूस म्हणजे तू. आणि तू अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली आहेस, तेव्हा घरातलं कुणीतरी मोठं बरोबर हवं.

खिडकी पाच वाजता बंद झाल्यावर शिट्टीने हे ताईला सांगितलं. ताई शिक्के डब्यात ठेवत होती. तिने तारखेचा शिक्का दुसऱ्या दिवसावर फिरवून ठेवला, रोज ठेवायची तसा.

“सही माझी आणि अक्षर तुझं,” ती म्हणाली. “पहिला प्रश्न हाच येईल, कोऱ्या चिठ्ठीवर सही कशी. मग मी महिनाअखेरपर्यंतही राहणार नाही.”

शिट्टीने शिक्क्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

“तो दहा दिवसांनी सुटेल. मी परत कधी लागेन, सांग ना. एरवी तर तुला सगळ्याची उत्तरं येतात.”

ताईने आवाज चढवला नव्हता. खुर्चीवरची आपली उशी बगलेत मारली, दिवा बंद केला आणि शिट्टी आत असतानाच निघून गेली. अंधारात काचेचं भोक तेवढं बाहेरच्या उजेडाने पांढरं दिसत होतं. मग शिट्टी धावत गेली आणि तिने ताईला बसथांब्यावर गाठलं. तिथे ती काय बोलली ते थोडकंच होतं: मी लिहून देणार आहे, तुला आधी कळावं म्हणून आले. ताईने मान वळवली आणि रस्त्याकडे बघत राहिली. बस आली, ताई चढली, खिडकीशी बसली, पण तिने खाली पाहिलं नाही.

घरी जेवणाच्या टेबलाशी शिट्टीने सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सवयीने मध्येच हातवारे होत होते, ते तिने मांडीखाली दाबून धरले. आई शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात तिची वीस वर्षं गेलेली. तिने आधी हिशेबीपणाने विचारलं, कुणी तुझं नाव घेतलंय का. नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. तुझी चूकच नाही, ती म्हणाली, परवा हा शब्दच मेला दुतोंडी आहे. उद्यापासून जाऊ नकोस. ताप आला म्हणून कळवू.

“शब्द आत बसलेला नाहीये, आई. त्यांचा भाऊ बसलाय.”

बाबा जेवायचे थांबले होते. त्यांना प्रमाणपत्राची काळजी नव्हती, निदान ते तसं म्हणाले. त्या पोरीच्या पोटावर पाय येईल, त्याचं काय, एवढंच त्यांनी विचारलं. ती आठ तास त्या मोडक्या खुर्चीत बसते आणि तू सहा आठवड्यांची पाहुणी. चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवल्या त्या कामचुकारपणाने नाही, काम अडू नये म्हणून. तू शाळेत परत जाशील. ती कुठे जाईल?

हाच प्रश्न शिट्टीने घरी येईपर्यंत घोळवला होता. दहा दिवस एकीकडे ठेवून बघितले, ताईची नोकरी दुसरीकडे ठेवून बघितली, आणि प्रत्येक वेळी ताईचंच पारडं जड झालं होतं. पण मावशींनी काय विचारलं होतं, ते साऱ्या जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकीवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

“सांग ना,” बाबा म्हणाले.

“माहीत नाही, बाबा. ती कदाचित कुठेच जाणार नाही. माझ्याशी तर ती आत्ताच बोलायची बंद झालीये.” तिचा आवाज इतका बारीक निघाला की ऐकायला आईला टेबलावरून पुढे वाकावं लागलं. “तरी मी उद्या लिहून देणार आहे. मावशींनी काय विचारलं, मी काय ऐकलं, आणि सही केलेली चिठ्ठी माझ्याकडे कशी आली, तेही. काही गाळणार नाही. ताईने ते का केलं, तेही लिहीन. साडेदहाला पोचायचंय. तुमच्यापैकी कुणी रजा टाकायची ते तुम्ही ठरवा. माझं ठरलंय.”