खंडूच्या डफावरचं बोट

डफ शेकवायचा असतो तो माडाच्या सुक्या झावळ्यांच्या, चुडतांच्या जाळावर. तोही लांबून, फिरवत फिरवत. खंडूने आपल्या पोराला हे एकदा नाही, शंभरदा सांगितलं असेल. पण बाप जाऊन चार महिने होतात न होतात तोच रूपेशने काय करावं? स्वयंपाकघरात गॅसची शेगडी पेटवली आणि डफ धरला थेट तिच्यावर. शिमगा तोंडावर आलेला, बापाच्या जागी पालखीपुढे उभं राहायचं, म्हणून चार थापा घोटून बघाव्यात एवढाच विचार. चामडं तापलं, ताणलं आणि फाटकन मधोमध फाटलं.

रूपेशने घाईघाईने शेगडी बंद केली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

डफाचं त्याला एवढं नव्हतं. त्याला आठवली आई. सोनूबाई सांजेला दिवा लावायची, की भिंतीवरच्या डफापाशी जायची. खंडूच्या उजव्या हाताच्या थापेने त्या चामड्यावर घामातेलाचा काळपट डाग पडला होता, पंजाच्या आकाराचा, वर्षानुवर्षांचा. त्या डागावर ती आपला हात ठेवायची आणि थोडा वेळ तशीच उभी राहायची. नवरा गेल्यापासून बाई धड जेवत नव्हती, कुणाशी धड बोलत नव्हती. दिवसभरात काय ते एवढंच आपलं म्हणून करायची. आणि तेवढंही पोराने जाळून ठेवलं.

एक बरं, आई तेव्हा मालगुंडला होती. धाकटी लेक योगिनी बाळंत झालेली, तिच्याकडे. परत यायला आठ दिवस होते.

रूपेशने मिरजोळ्याच्या कारखान्यात रजा टाकली आणि पाली गाठली. तिथे रावजी म्हणून एक म्हातारा ढोल-डफ मढवायचा. त्याने चिंचोक्याची खळ लावून बकरीचं कोरं चामडं कड्यावर चढवून दिलं. पांढरंफटक.

"हे जुनं दिसायला हवं, रावजीकाका. वीस वर्षांचं."

रावजीने चष्म्यावरून बघितलं. "चहा पाज त्याला. मग धूर दे. भिजवू नको मात्र, नायतर ढिलं पडंल."

झालं, रूपेश घरात कोंडून घेऊन कामाला लागला. चहा उकळ उकळ उकळून काळा केला आणि फडक्याने हलक्या हाताने फिरवला. सावलीत वाळवला. रंग आला, पण कसा, तर नव्या चपलेसारखा. मग आजोबांच्या वेळी मासेमारीची जाळी रंगवायला कात वापरत, ते आठवलं. बाजारातून कात आणला, पाण्यात उगाळून कडेकडेने लावला. नारळाच्या सोडणाने घासून चकाकी घालवली. दोन दिवस चुलीच्या धुरावर टांगला. चौथ्या दिवशी चामडं असं काही दिसायला लागलं, की त्याला स्वतःलाच गंमत वाटली. खंडूच्या आधीचं म्हटलं तरी कुणी मान डोलावली असती.

राहिला पंजा. तव्यामागची काजळी, कात आणि खोबरेल कालवून त्याने आपला उजवा तळवा माखला आणि चामड्यावर दाबला. वाळू दिलं, पुन्हा दाबला. असं तीन दिवस. हाडापेराने तो बापावरच गेलेला, त्यामुळे डाग हुबेहूब बसला. निदान त्याला तसं वाटलं.

सोनूबाई आली. सांजेला दिवा लावला, डफापाशी गेली, डागावर हात ठेवला. रूपेश दाराआडून बघत होता, जीव मुठीत धरून. ती जराशी थबकली. नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ उभी राहिली. मग हात काढला आणि म्हणाली, "चल, जेवून घे."

पोराने सुटकेचा श्वास टाकला. एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना त्याची नजर डफावर गेली. पंजाच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं. बाकी चारही बोटं जागच्या जागी, आणि मधलं तेवढं नखापासून पुसलेलं. दमट हवेने गेलं असेल, असं म्हणून तो निघाला. दुसऱ्या दिवशी बोट एका पेराने कमी झालं. त्याच्या पुढच्या दिवशी दीड पेराने. तिथे मात्र थांबलं.

रूपेशने डफ भिंतीवरून काढून उजेडात धरला.

खंडूचं मधलं बोट अर्धंच होतं. रूपेश दीड वर्षाचा असताना होडीचा दोर आणि खुंटा यांच्यामध्ये सापडून वरची दीड पेरं गेली होती. त्याच हाताने तो जाळी विणायचा, भात कालवायचा, पोराच्या पाठीत धपाटा घालायचा. पोराने बापाला पाहिलं तेच तसं, त्यामुळे ते थोटं बोट त्याच्या डोळ्याला दिसतच नसे. आणि पोराने आपलं सगळं धडधाकट बोट तिथे उठवून ठेवलं. इतका कसा विसरलो, म्हणून त्याला स्वतःची लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

तरी गडी हट्टी. आईच्या लक्षात येण्याआधी सारखं करावं म्हणून त्याने घाईत पुन्हा काजळी कालवली आणि बोट पुरं केलं. आता यात शहाणपणा कुठला, ते त्याचं त्याला माहीत. घाबरलेलं माणूस असंच करतं. सकाळी पाहिलं तर बोट पुन्हा दीड पेराने तुटलेलं. कड स्वच्छ, चामड्यावर घासल्याची रेघसुद्धा नाही.

मग मात्र त्याचं अवसान गळालं. आई ओटीवर सुकट निवडत बसली होती. तो तिच्यापुढे जाऊन बसला आणि शेगडीपासून काजळीपर्यंत सगळं ओकला. बोलता बोलता रडायलाही लागला.

सोनूबाईने सूप बाजूला ठेवलं.

"मला आल्या दिवशीच कळलं," ती म्हणाली. "हात ठेवला तेव्हाच. माझं मधलं बोट त्यांच्या डागाच्या बाहेर येतं रे. इतकी वर्षं येतं. त्या दिवशी आलं नाय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू एवढा खपलास माझ्यासाठी." तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. "पण राहवंना. दुसऱ्या दिवशी तू आंघोळीला गेलास तेव्हा चुलीतली राख घेतली नि जरासं घासलं. नखापुरतं. तेवढ्यात वाटलं, लेकराने केलंय, आपण मोडू नये. हात मागं घेतला."

रूपेश पुढे सरकला.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तूच पुसलंस ना," सोनूबाई म्हणाली. "चूक ध्यानात आल्यावर."

 रूपेशने मान हलवली, नाही म्हणून.

सोनूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. दिवे लागायला अजून अवकाश होता, पण ती डफापाशी गेली. डागावर हात ठेवला. मधलं बोट बाहेर आलं, बरोब्बर पूर्वीइतकं. चार महिन्यांत पहिल्यांदा बाईच्या तोंडावर हसू आलं.

"रूपेश," तिने न वळता हाक मारली, "आज भात जरा जास्त टाक."