बंद केलेलं मशीन

भूपेंद्र दारातून आत आला आणि पुंडलिकनं पटकन मान खाली घातली.

स्मृति नगरातल्या त्या घराच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी तीसेक ख्रिस्ती माणसं उपासनेला जमत. पुंडलिक त्या मंडळीतला मानाचा माणूस. प्रभूच्या आठवणीत खातात ती प्रभुभोजनाची भाकर तोच वाटायचा. भूपेंद्रला त्यानं अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं, पण तीन बोटं नसलेला तो उजवा हात लांबूनच ओळखू आला.

"हे भूपेंद्रभाऊ," मंडळीचा पाळक म्हणजे धर्मगुरू रूपेश, यानं ओळख करून दिली. "राजनांदगावहून परत आले. आता आपल्यातच येतील."

ती बोटं सुपेल्यातल्या एका लहान वर्कशॉपात गेली होती. दोघंही तिथल्या पत्रा कापायच्या मशीनवर कामाला होते. पत्रा अडकला म्हणून भूपेंद्रनं मशीन बंद करून हात आत घातला होता. पुंडलिक चहा पिऊन आला आणि त्यानं न बघता स्विच दाबला. मालक धावत आला तेव्हा पुंडलिकच्या तोंडून निघून गेलं, "मशीन चालू ठेवूनच हात घातला यानं." भूपेंद्र बेशुद्ध होता. ते बोलणं पुढे कुणी तपासलंच नाही, आणि बेफिकीर म्हणून कामावरून भूपेंद्रच गेला.

त्या रविवारी रूपेशनं प्रवचनात नेमकं लपवण्याचंच धरलं. "बायकोपासून लपवाल, शेजाऱ्यापासून लपवाल. प्रभूपासून काय लपवाल? त्याले सारं दिसते." पुंडलिकनं डोळे मिटले, पण मिटल्यावर कुणीतरी अगदी जवळून आपल्याकडे बघतंय असं वाटलं. त्यानं घाबरून ते उघडले.

आठवडाभर तो भरल्या ताटावरून तसाच उठत होता.

"कावून जेवून नाही राहिले?" बायको रमानं विचारलं.

"पोट ठीक नाही."

तेही खोटंच. मंडळी बदलावी, दुर्गच्या चर्चमध्ये जावं, असाही विचार त्यानं केला. पण भीती भूपेंद्रची थोडीच होती? जो बघत होता तो दुर्गलाही असणार होता. प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्द फुटत नव्हते. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला काय सांगायचं, आणि न सांगता त्याच्यापुढून उठायचं तरी कसं?

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट घेऊन तो एकेकापुढे जात होता. भूपेंद्रनं तो तुटका हात पुढे केला. पुंडलिकनं भाकर न देताच ताट टेबलावर ठेवलं आणि बाहेर अंगणात येऊन भिंतीला टेकला.

भूपेंद्र मागोमाग आला. "चक्कर आली का बे?"

"मशीन तू बंद केलं होतं," पुंडलिक म्हणाला. "चालू मी केलं. खोटं बोललो मी."

भूपेंद्रनं आपल्या तुटक्या हाताकडे पाहिलं.

"मले तर काही आठवतच नव्हतं," तो हळूच म्हणाला. "तू सांगितलं तेच खरं धरलं. अकरा वर्षं माह्या चुकीची माफी मागून राहिलो मी प्रभूले. रोज." त्याचा आवाज फाटला. "अन् तू तिथं भाकर वाटून राहिला!"

तो फाटक उघडून निघून गेला.

पुंडलिक आत गेला, सगळ्यांसमोर उभा राहिला आणि जे झालं ते सांगितलं. कुणी त्याच्याकडे बघेना. रमानं तोंडाला पदर लावला होता. हलकं वाटेल अशी त्याची आशा होती, तसं काही झालं नाही.

तीन दिवसांनी संध्याकाळी भूपेंद्र घरी आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"माही पोरगी, करिष्मा," तो म्हणाला. "तिले वाटते, बाप बेफिकीर होता म्हणून घराचं वाटोळं झालं. मी सांगितलं तर तिले पटणार नाही. तू चल."

"आत्ता?"

"आत्ता."

आपण एका पोरीसमोर उभे आहोत आणि ती आपल्याकडे बघते आहे, हे पुंडलिकच्या डोळ्यांपुढे आलं. पोट ठीक नाही, हे शब्द ओठांवर आले होते. ते त्यानं गिळले, चपला घातल्या आणि भूपेंद्रच्या स्कूटरवर मागे बसला.