वजनापुरती सोबत

मी एक जुनी वाळूची पिशवी आहे. मित्रांनो, या शहराच्या आकाशात माझ्याइतक्या वेळा कुणीही गेलेलं नाही. पक्ष्यांची गोष्ट सोडा, ते तिथेच राहतात. बंदराचा धक्का, दिव्याचा मनोरा, शिडाच्या होड्या, पाण्याच्या काठाने लागलेली कचेऱ्यांची रांग, हे सगळं मी ज्या उंचीवरून पाहिलं, त्या उंचीवर पोचायला माणसं तिकीट काढतात. मला मात्र सन्मानाने नेत. कारण मी जड होते.

त्याचं असं आहे. धक्क्यावरून एक वेगवान बोट सुटते. तिच्या मागे लांब दोर, दोराच्या टोकाला रंगीत हवाई छत्री आणि छत्रीखाली शेजारी शेजारी दोन झोळ्या. बोट पळाली की छत्री वर जाते. पण झोळीतला माणूस फार हलका असला, तर वर गेल्यावर तो हेलकावेच खात राहतो आणि खाली ओढून घेताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. अशा माणसाशेजारी मला बसवत. मी हलत नाही, ओरडत नाही आणि फोटोत पुढे पुढे करत नाही.

माझा जन्म बोटीच्या फाटक्या ताडपत्रीतून झाला. बोटीचा मालक, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, त्याने जेवणानंतरच्या सुस्तीत शिवणयंत्रावर मला शिवलं आणि किनाऱ्यावरची वाळू भरली. त्याआधी मी किनारा होते, असं म्हटलं तरी चालेल.

कामाची वर्षं चांगली गेली. किती किडकिडीत माणसांनी मला कवटाळलं असेल! आभार मात्र एकाच मास्तरांनी मानले. तेही डोळे गच्च मिटून, मला आपली बायको समजून. खाली उतरलं की मला कोपऱ्यात टाकत. माझ्यावर ओले दोर पडत, येणारेजाणारे बूड टेकत. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने माझा दोरा हळूहळू खाल्ला. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पिशवीची तब्येत कोण विचारतो?

अशात एका सकाळी एक आजी आल्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या, आणि नुकत्याच मोठ्या दुखण्यातून उठलेल्या. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. सोबत त्यांचा मुलगा होता, तो वाटेतल्या प्रत्येक खांबाशी थांबून "आई, अजून विचार कर" म्हणत होता.

वजनकाट्यापाशी कॅप्टनची बायको असे. त्यांना सगळं बंदर वहिनी म्हणे. त्यांनी आजींना काट्यावर उभं केलं आणि मान हलवली.

"आजी, वजन भरत नाही हो."

"बघ!" मुलाचा चेहरा उजळला. "नियम म्हणजे नियम. चल घरी."

"तसं नाही," वहिनी म्हणाल्या. "शेजारच्या झोळीत तुम्ही बसा की. दोघांचं मिळून छान जुळेल."

मुलाला तेवढ्यात आपली कंबर आठवली.

"राहू दे त्याला," आजी म्हणाल्या. "हा वर गेला तरी सूचनाच देईल. मला ती द्या." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इस्पितळाच्या खिडकीतून मी हिला रोज बघत होते. मला उठून बसताही येत नव्हतं आणि ही बाई आकाशात. तेव्हाच ठरवलं, गोणीला जमतंय तर मलाही जमेल. वॉर्डातल्या बायकांना सांगून आलेय, वरून हात करीन म्हणून. खिडकीशी बसून असतील बिचाऱ्या."

मला कुणी बाई म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी आतून सैल झाले. दुर्दैवाने खरोखरच झाले.

वर गेल्यावर माझ्या कुशीतून वाळूची बारीक धार सुटली. हवाई छत्रीखाली बसलेलं माणूस समुद्र बघतं. आजींनी आधी माझी शिवण बघितली.

"अगं, उसवलीस की!"

मी रिकामी झाले असते, तर त्यांचं ते मूठभर शरीर वाऱ्याने कसंही भिरकावलं असतं. आजींनी डावा हात सोडला आणि माझं भोक मुठीत घट्ट आवळलं. उजव्या हाताने पट्टा धरलेला. खाली बोटीत मुलगा त्यांच्या चपला मांडीवर घेऊन वर बघत होता.

तेवढ्यात किनाऱ्यावरचं इस्पितळ आलं. तिसऱ्या मजल्याची खिडकी. काचेमागे चार-पाच चेहरे, एक सलाइनची नळी. आजींनी माझ्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. मला सोडावं तर वाळू जाणार, पट्टा सोडावा तर जीव जाणार असं त्यांना वाटत असावं. त्यांनी पट्टा सोडला आणि हात केला. चांगला खांद्यापासून, रेल्वे सुटताना करतात तसा. त्या खिडकीत सगळे हात एकदम वर झाले.

झोळीने त्यांना नीट धरून ठेवलं. झोळ्या त्यासाठीच असतात.

खाली उतरल्यावर आजींनी कॅप्टनच्या तळहातावर मूठभर वाळू ठेवली. "ही तुमची. बाकीची समुद्राला गेली. ही टीप कुणी मारली?"

"मीच," कॅप्टन म्हणाला.

"तरी म्हटलं."

मग त्या धक्क्यावरच बसल्या, दाभण मागवलं आणि मला दुहेरी टाका घातला. दाभण हातात होतंच, तर झोळ्यांचे पट्टेही बघितले. एकाची शिवण निम्मी गेलेली निघाली. कॅप्टनने छत्री गुंडाळून ठेवली. त्या दिवशी बोट पुन्हा सुटली नाही. तेव्हापासून रोज सकाळी पहिल्या फेरीआधी वहिनी प्रत्येक टाका बोटाने चाचपतात, माझासुद्धा.

काही महिन्यांनी आजी पुन्हा आल्या. काटा बघून वहिनी म्हणाल्या, "आजी, आता पिशवी नको!" धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या. आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि शेजारच्या झोळीत मुलाला बसवलं. तो सबंध वेळ डोळे मिटून होता. माझी जागा त्याला शोभली नाही, पण आईचा हात त्याने सोडला नाही.

मित्रांनो, जे तुम्हाला धरून ठेवतं त्याची शिवण अधूनमधून बघत जा. ते स्वतः सांगत नाही. सांगता आलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

आजी आता दर महिन्याला येतात. वजन बरंच वाढलंय. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय.