मर्डोच्या नावाची नळी

स्टॉर्नोवे बंदरातल्या सभागृहात इशबेल वर्षभर कोळ्यांना एकच गोष्ट पढवत होती. पन्नाशी झाली की टपालाने नळी येते, चिमूटभर शी काडीवर घ्यायची, परत पाठवायची. आतड्याचा कॅन्सर वेळेत कळतो. माणसं मान खाली घालून ऐकत आणि शेवटी कोणीतरी विचारीच, "तुझ्या नवऱ्याने पाठवली का?"

मर्डोने पाठवली नव्हती. बावन्न वर्षांचा हा गडी वादळात होडी घालायला भ्यायचा नाही, पण संडासाचा विषय काढला की उठून जायचा. शेवटी इशबेलने स्वतःचीच शी त्याच्या नळीत भरली आणि टपालात टाकली. ती सत्तेचाळीसची, धडधाकट. 'सगळं ठीक' असं पत्र येईल आणि लोकांची तोंडं बंद होतील, एवढंच तिच्या मनात होतं. लाज वाटली, पण केलं.

आज पत्र आलं. ते वाचून मर्डो लापशीचा वाडगा बाजूला सारून खदाखदा हसला.

"ऐक. माझ्या शीत रक्त सापडलंय म्हणे. आत दुर्बीण घालणार आहेत. अगं, मी काही पाठवलंच नाही! धक्क्यावर वाचून दाखवतो. बघू, यापुढे कोण पाठवतो ते."

तो कोट चढवू लागला. तो धक्क्यावर पोचला की तिची वर्षाची मेहनत पाण्यात जाणार होती. पण तिने त्याला अडवलं ते त्यामुळे नव्हे.

"मर्डो, बस."

"आल्यावर बसतो."

"ती माझी होती. तुझ्या नावाने मी पाठवली."

एक हात बाहीत, तसाच तो उभा राहिला. "म्हणजे रक्त..."

"माझं."

रक्त दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, हे तिने शंभरदा लोकांना सांगितलं होतं. आता स्वतःला सांगून बघितलं, पण पटेना. ती भयंकर घाबरली होती.

तो चिडेल असं तिला वाटलं. त्याने पत्रातला नंबर लावला.

"नाव माझं आहे, पण शी बायकोची आहे," तो धक्क्यावरच्या आवाजात म्हणाला. "दुर्बीण तिला घाला. लवकर." मग ऐकत राहिला. त्याने इशबेलचं मनगट घट्ट धरलं होतं.

"सत्तेचाळीस. हो बाई, वयात बसत नाही, कळलं. म्हणून रक्त थांबलंय का तिचं?"